वॉल्थर पीपीके की ब्राउनिंग १९१०? रोज कमरेला ठेवायला कुठलं घ्यावं

खानापूर_काजूवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहूलोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातला, काजूचा धंदा आहे. मार्च ते मे गावोगाव फिरून काजूबी घ्यायची, जांबोटी, कणकुंबी, तिकडं चंदगडच्या वाड्यांपर्यंत. शेतकऱ्याला बी मोजली की पैसे हातात रोख लागतात, त्यामुळं सीझनला बॅगेत कधी दोन लाख, कधी चार लाख असतात. दोन वर्षांमागं जांबोटीच्या पुढं संध्याकाळी सातच्या सुमाराला दोघं मोटरसायकल आडवी लावून उभे राहिले, एकाच्या हातात कोयता होता. मागनं कणकुंबीची बस आली, तिचा लाईट अंगावर पडला आणि ते रानात पळाले, म्हणून मी आज हे लिहूलोय. घरात बायकोला महिनाभर सांगितलं नव्हतं. त्यानंतर लायसन्सला अर्ज केला, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या फेऱ्या, पोलीस व्हेरिफिकेशन, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट सगळं होऊन सव्वा वर्षानं आता लायसन्स हातात आलंय, .३२ पिस्तुलाचं.

आता दोन पिस्तुलं बघितली आहेत. एक डीलरकडं वॉल्थर पीपीके, दुसरं आमच्या बाबांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदारांचं बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ब्राउनिंग १९१०, त्यांची पोरं बाहेर असतात, कुणाला नको आहे. पीपीकेवाला ब्राउनिंगच्या दुप्पट मागतोय. दोन्ही हातात घेऊन बघितली तर मला काय फरकच कळेना. लांबी एकाची १५५ मिलिमीटर, दुसऱ्याची १५३, वजन दोन्हीचं सहाशे ग्रॅमच्या आसपास, राउंड दोन्हीत सात सात, गोळी तीच ७.६५, म्हणजे .३२ च.

मला उन्हाळ्यात पातळ शर्ट घालून गाडीवर फिरायचं असतं. शर्टाखाली कुठलं कमी दिसेल आणि वेळ आली तर कुठलं पटकन निघेल, एवढंच सांगा. नवीन माणूस आहे, अगदी सुरुवातीपासून सांगितलं तरी चालेल.

मराठा_सेंटर_रिटायर

काजूवाले, पहिल्यांदा एक विचारतो, रागावू नका. त्या दोघांनी मोटरसायकल आडवी लावली तेव्हा तुमचे दोन्ही हात कुठं होते? हँडलवर. एक क्लचवर, एक ब्रेकवर. आता त्या जागी पिस्तूल कमरेला आहे असं धरून परत एकदा डोळ्यासमोर आणा. गाडी सोडून हात खाली जाईपर्यंत कोयतेवाला जवळ आलेला असणार. म्हणून शर्टाखाली कुठलं कमी दिसतं हा प्रश्न शेवटचा आहे, दोन मिलिमीटरनं काही लपत नाही आणि काही दिसत नाही. बाहेरनं ही दोन सारखी दिसतात, पण आतनं दोघांचा जीव अगदी वेगळा आहे, ते आधी समजून घ्या.

ब्राउनिंग १९१० ला बाहेर घोडाच, म्हणजे मागनं ठोक देणारा हॅमर, नाही. आत स्ट्रायकर आहे, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोक देणारी पिन, स्लाईड (वरचा सरकणारा भाग) मागं ओढली की तो स्प्रिंगवर ताणून बसतो आणि चाप ओढला की सुटतो. बाहेर अडकायला काही नाही त्यामुळं कपड्यात कुठं गुंतत नाही, ही त्याची फार चांगली गोष्ट. रिकॉइल स्प्रिंग बॅरलच्याच भोवती गुंडाळलेली आहे म्हणून ते इतकं बारीक आणि गोल झालंय. मुठीच्या मागं पट्टी आहे, ती तळव्यानं दाबल्याशिवाय चाप चालत नाही, बाजूला सेफ्टीचा खटका आहे आणि मॅगझिन काढलं तरी चाप बंद. ऐकायला तीन तीन सेफ्टी. पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागं गोळी बसते त्या जागेत, राउंड असेल तर स्ट्रायकर कायम ताणलेला असतो, आणि पिस्तूल हातातनं पडलं तर त्या स्ट्रायकरला स्वतंत्रपणे अडवून धरणारं आत काही नाही. वर ते पन्नास साठ वर्षं जुनं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, १९१० बाळगायचं तर चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं. वेळ आली तर एका हातानं पिस्तूल, दुसऱ्या हातानं स्लाईड ओढायची. दोन हात लागतात, आणि एप्रिलच्या घामात ती स्लाईड बोटातनं सटकते, हे मी माणसांना शिकवताना शंभर वेळा बघितलंय.

पीपीकेला बाहेर घोडा आहे आणि पहिली गोळी डबल ॲक्शन. म्हणजे राउंड चेंबरमध्ये, घोडा खाली पडलेला, चाप लांब आणि जड ओढला की घोडा स्वतः उठतो आणि पडतो. पुढच्या गोळ्या हलक्या चापावर. स्लाईडवरचा खटका खाली केला की गोळी न सुटता घोडा खाली येतो. एका हातानं चालणारं पिस्तूल हवं असेल तर या दोघांत पीपीके.

आम्ही नोकरीत ९ एमएम वापरायचो, ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं वन-ए पिस्तूल, तेही ब्राउनिंगच्याच वंशातलं, पण तो बोअर (गोळीचं माप) साध्या नागरिकाला मिळत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना करत बसू नका. .३२ मध्ये जे आहे त्यातच हात बसवायचा.

आणि घेण्याआधी सांगा, तुम्ही आजपर्यंत एकूण किती राउंड फायर केलेत?

टिळकवाडी_सराफ

मी अकरा वर्षं पीपीके बाळगतोय, दुकान बंद करून घरी जाताना रोज. सुभेदारसाहेबांनी चापाचं बरोबर सांगितलं, मी वापरणाऱ्याच्या बाजूनं थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे तुझा हात केवढा आहे बघ. माझा पंजा मोठा, पीपीकेची मूठ छोटी, त्यामुळं पहिल्या दिवशी रेंजवर स्लाईडनं अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी सोलून काढली, रक्त आलं. आता पकड थोडी खाली घेतो, सवय झाली. ब्राउनिंगला मागं घोडाच नाही आणि मूठ जास्त सुटसुटीत, ते मित्राचं मारून बघितलंय, हातात फार छान बसतं, एवढं मात्र मान्य करायलाच पाहिजे.

दुसरं गंज. बेळगावात निदान घरात ओल कमी, तुझं गाव कणकुंबीच्या बाजूला असेल तर जून ते सप्टेंबर काय अवस्था असते तुला सांगायला नको, चपलांना पण बुरशी येते. मी पहिल्या पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्येच घालून तिजोरीत ठेवलं होतं. गणपतीला काढलं तर स्लाईडवर माझ्या अंगठ्याचा ठसा, अगदी रेषा रेषा दिसूलत्या, तांबूस गंजात उमटलेला. चामडं ओल धरतं. होल्स्टर कमरेला असतानाच वापरायचं, ठेवताना पिस्तूल बाहेर काढून तेलाच्या फडक्यात. उन्हाळ्यात घामानं पण हेच होतं, रोज रात्री घरी आलं की पुसायचंच, कंटाळा केला तर ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) गेलंच म्हणून समज.

तिसरं, इथं मी सुभेदारसाहेबांपेक्षा थोडं पुढं जातो. चेंबर रिकामं ठेवायचं असेल तर गाडीवरच्या माणसाला पिस्तुलाचा उपयोग काय? मी राउंड चेंबरमध्ये ठेवतो, घोडा खाली, खटका सेफ. अकरा वर्षांत काही झालं नाही.

मराठा_सेंटर_रिटायर

सराफसाहेब, तुम्ही अकरा वर्षं एकच पिस्तूल एका हातानं वापरताय, ते तुमच्या अंगाचा भाग झालंय. हा माणूस पहिलं पिस्तूल घेतोय आणि तेही दुसऱ्याच्या हातातनं आलेलं. पीपीके १९३० च्या सुमाराला आलं, युद्धानंतर बरीच वर्षं फ्रान्समध्ये मान्युऱ्हिन कंपनीनं बनवलं, आणि आपल्याकडं बाहेरनं आणायचं ऐंशीच्या दशकातच बंद झालं, म्हणजे त्या डीलरकडचं पिस्तूल चाळीसएक वर्षांचं तरी असणार. तो घोडा उतरवायचा खटका आतनं झिजलेला असला तर खटका दाबताच गोळी सुटू शकते. म्हणून राउंड चेंबरमध्ये ठेवायचा की नाही हा नंतरचा मुद्दा, आधी ही परीक्षा घ्या.

मॅगझिन काढा. स्लाईड ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा, मग परत एकदा बघा. त्या वेळी एक पण राउंड टेबलावर नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. मग घोडा उठलेला असताना पिस्तूल वर छताकडं धरून नळीतनं एक नवी पेन्सिल सोडा, खोडरबराची बाजू खाली. आता सेफ्टीचा खटका खाली दाबा. घोडा पडेल. पेन्सिल जागची हलता कामा नये. हलकी जरी उडाली तरी तो खटका फायरिंग पिनेला (घोडा जिच्यावर आदळतो ती) अडवत नाही असा अर्थ, ते पिस्तूल डीलरकडं परत. मग खटका वर करून, घोडा परत उठवून, नुसता चाप ओढा. आता पेन्सिल उडून बाहेर आली पाहिजे, नाही आली तर पिनेत दम नाही. दहा वेळा करा दोन्ही. डीलरसमोरच करा, तो नको म्हणाला तर तिथनंच उठा.

ब्राउनिंगला अशी रिकामी ठोक जास्त देत बसू नका, जुने स्ट्रायकर रिकामं मारून तुटतात आणि सुटा मिळणं कठीण. त्याला डमी राउंड (दारू नसलेली खोटी गोळी) घालूनच चाप ओढा.

निपाणी_ताई

मी मध्येच बोलते, पण हे कुणीच काढलं नाही म्हणून. काजूवाले दादा, तुमच्या लायसन्सवर एरिया व्हॅलिडिटीच्या रकान्यात काय लिहिलंय? कर्नाटक एवढंच असेल तर चंदगडला पिस्तूल घेऊन जाताच येत नाही तुम्हाला. बाची सोडून शिनोळीत पाय टाकला की महाराष्ट्र. आपल्यासाठी तो एकच रस्ता, एकच बाजार, पै पाहुणे दोन्हीकडं, पण लायसन्सला ती हद्द आहे. तसंच कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाट उतरलात की गोवा.

आमचा तंबाखूचा व्यापार, अप्पांचं लायसन्स जुनं, कर्नाटकापुरतं. एकदा ते कोल्हापूरला लग्नाला निघाले, कमरेला सवयीनं तसंच. सीमेवरच्या नाक्यावर नाकाबंदी होती. अप्पा स्वतःहून सांगायला गेले की बाबा माझ्याकडं आहे, लायसन्स पण आहे, आणि तिथंच अडकले. पिस्तूल जमा, लग्न राहिलं बाजूला, सत्तरीतला माणूस चार महिने जबाब आणि फेऱ्या करत होता. त्यांच्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढायची ती पहिली वेळ. त्या दिवसाचं नाव काढलं तरी अजून त्यांचा चेहरा पडतो. मी तुम्हाला कळकळीनं सांगते, पिस्तूल कुठलं घ्यायचं हे ठरवायच्या आधी एरिया वाढवून मिळायचा अर्ज करा, आणि तो मंजूर होऊन लायसन्सवर चढेपर्यंत चंदगडच्या फेरीला पिस्तूल घरी.

निवडणूक लागली की जमा करायची नोटीस येते ते वेगळंच, त्याची पोच जपून ठेवायची.

आणि त्या म्हाताऱ्या बाबांकडनं असंच हातातल्या हातात घेऊ नका. एका लायसन्सवाल्यानं दुसऱ्याला विकायचं तर आधी लेखी कळवायचं असतं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात, आर्म्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये आहे. त्यांच्या लायसन्सवरनं नंबर उतरून तुमच्यावर चढला पाहिजे. पिस्तुलावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः ताडून बघा, जुन्या कागदांत एखादा आकडा चुकलेला असतो.

अजून एक, लहान तोंडी मोठा घास वाटेल. चार लाखांतले तीन लाख फोनवरनं जात असतील तर बघा ना. आमच्याकडं पण म्हातारे शेतकरी आधी ऐकत नव्हते, आता त्यांची नातवंडंच पैसे आले का बघून सांगतात. बॅगेत पैसे नाहीत हे रस्त्यावर चार लोकांना कळलं की निम्मी भीती तिथंच कमी होते.

टिळकवाडी_सराफ

ताईंनी फार मोलाचं सांगितलं, माझ्या डोक्यातनं गेलंच होतं कारण मी गावाबाहेर पडतच नाही.

लपवायचा विषय निघाला म्हणून, ते हौसेपुरतं नाही हे पण लक्षात घे. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे असं आहे, आणि काढून दाखवणं हा गुन्हा. लग्नात वरातीत हवेत मारलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद. काजूच्या गावात एकदा कुणाला दाखवलंस की आठ दिवसांत सगळ्या तालुक्याला कळतं, मग पैशाच्या जोडीला पिस्तूल चोरायला पण लोक येतील. शर्ट एक नंबर मोठा घे, इन करू नको, रंग गडद, चौकड्याचा असेल तर फुगवटा अजिबात दिसत नाही. पट्टा मात्र जाड पाहिजे, पातळ पट्ट्यावर ते लटकतं आणि शर्ट ओढला जातो.

होल्स्टर ऑनलाइनचं घेऊ नको. मी अथणीला चपला करणाऱ्या एका कारागिराकडनं शिवून घेतलंय, त्याच चामड्याचं, ट्रिगरगार्ड पूर्ण झाकणारं. दहा वर्षं झाली, एक टाका निघालेला नाही.

खानापूर_काजूवाला

एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, काय बोलू कळेना झालंय. एकेक सांगतो.

सुभेदारसाहेब, खरं सांगतो, ट्रेनिंगमध्ये मारले तेवढेच राउंड, पंचवीसच्या वर नसतील. आणि हात हँडलवर होते हे तुम्ही लिहिलं ते वाचून रात्री झोप लागली नाही, कारण अगदी तसंच होतं. मी कायम मनात पिस्तूल काढतानाच स्वतःला बघूलोतो, गाडीवर नाही.

ताई, लायसन्स काढून बघितलं. कर्नाटकच लिहिलंय. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं आणि त्या रकान्यावरनं नजर सरळ पुढं जात होती. माझा निम्मा धंदा शिनोळीच्या पलीकडं आहे. सोमवारी डीसी ऑफिसला अर्ज देऊलोय. फोनवरनं पैशाचं पण तीन गावांत बोललो, कणकुंबीकडं रेंज नाही तिथं जमणार नाही, पण जांबोटीतले तयार आहेत.

काल पेन्सिल घेऊन डीलरकडं गेलो. पीपीके. पहिल्या सहा वेळा खटका दाबला, पेन्सिल हलली नाही. सातव्या वेळी टक् करून बोटभर वर आली. डीलरच्या कारीगरानं पण बघितलं, तो माणूस गप्पच झाला, मग म्हणाला आतलं काम करून देतो. मी म्हटलं आधी करा, मग परत पेन्सिल घेऊन येतो.

मग आता काय, ब्राउनिंगकडं वळू काय? ४५ दिवस जाणारच आहेत तर म्हाताऱ्या बाबांना अर्ज द्यायला सांगू?

मराठा_सेंटर_रिटायर

सातव्या वेळी उडाली हे तुम्ही मोजलंत, बरं केलंत. ते पिस्तूल सोडा. कारीगर नुसतं घासून जुळवून देणार, मूळचा पार्ट त्याला कुठनं मिळणार? वर्षभरात परत झिजेल, आणि तुम्ही त्याच्यावर भरवसा टाकून राउंड चेंबरमध्ये ठेवलेला असेल.

ब्राउनिंग घ्या असं मी म्हणेन, पण दोन गोष्टी बघून. बॅरलमध्ये उजेड टाकून बघा, रेषा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, खड्डे दिसले तर नको. आणि मॅगझिनचे वरचे ओठ बोट फिरवून बघा, वाकलेले असतील तर राउंड तिरका चढतो. हे ७.६५ चे राउंड थोडे रिमवाले (बुडाशी कड असलेले) असतात, मॅगझिनमध्ये भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या पुढं बसली पाहिजे, मागं अडकली तर ऐन वेळी चढत नाही. एक एक बघून भरा. रिव्हॉल्व्हरचे .३२ वेगळे, ते यात चालत नाहीत, दुकानदारानं खडकीच्या कारखान्याची गोळ्यांची पेटी हातात ठेवली तरी वरचं वाचून घ्या. नव्याचाच विचार असेल तर सरकारी कारखान्याचं .३२ अशनी पण हातात घेऊन बघा, पैसे तेवढेच गेले तर नव्याला निदान विचारायला कोणी असतं.

चेंबर रिकामं. सराफसाहेब नाराज होऊ देत. तुम्ही रोज रात्री दहा मिनिटं, डमी राउंड घालून, उभं राहून शर्ट बाजूला, पकड, स्लाईड, निशाणा, असं पंचवीस वेळा करा. तीन महिन्यांनी तुम्हालाच कळेल हात कसा आपोआप जातो ते. आणि मग गाडीवरनं उतरून करा, आधी गाडी आणि माणसाच्या मध्ये अंतर पाडायला शिका. बॅग मागितली तर बॅग फेका आणि दुसऱ्या बाजूला जा. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घातली तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो, गरजेपेक्षा जास्त बळ वापरायची मुभा न्याय संहितेत कुठंही नाही. पिस्तूल तुमच्या जिवासाठी आहे, काजूच्या पैशासाठी नाही.

पावसाळ्यानंतर बेळगावला आलात की सांगा, रेंजवर एक दिवस मी बरोबर येतो.

खानापूर_काजूवाला

नक्की येतो साहेब. त्या कंत्राटदार बाबांशी बोललो, ते पोराला बोलावून अर्ज लिहून घेऊलेत. पिस्तुलाच्या पेटीत मूळचं एफएनचं दुसरं मॅगझिन पण निघालं, तेलकागदात गुंडाळलेलं, ओठ सरळ आहेत दोन्हीचे.

सराफ अण्णा, अथणीच्या कारागिराला माप कसं दिलं तुम्ही? पिस्तूल घेऊन तिथं बसायचं म्हणजे चार लोकांपुढं बाहेर काढायचं आलं.

टिळकवाडी_सराफ

काढायचं नाही अजिबात. सुताराकडनं सागवानी तुकड्याचा त्याच मापाचा नमुना करून घे, लांबी, जाडी, मुठीचा उतार, ट्रिगरगार्डचा गोल, सगळं कागदावर पेन्सिलनं उतरवून. चामडं ओलं करून त्या लाकडावर दोन दिवस ताणून ठेवतात ते. माझा पीपीकेचा नमुना अजून त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. तुझा ब्राउनिंगचा झाला की तो पण तिथंच ठेवून ये, परत कुणाला लागला तर असू दे.